कुलूप लावण्यापूर्वी

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरांना वर्षातून काही दिवस कुलूप लागते. नवरात्रात माहूरला रेणुकेचे दर्शन, आषाढी-कार्तिकीस पंढरपूर, दिवाळीत लेकाकडे अथवा लेकीकडे, आणि शाळेच्या उन्हाळी सुट्टीत मुलांचे आजोळ, असा हा क्रम ठरलेलाच असतो. आम्ही राहतो त्या आदिलाबादेत तर तो विशेषच जाणवतो. उत्तरेस पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र सुरू होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा याच जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो. पुढे २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले, ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. परंतु सोयरीक, कुलदैवत आणि आजोळ यांना राज्याची सीमा कधी कळलीच नाही. त्यामुळे पिशव्या भरणे आणि दाराला कुलूप लावणे आमच्या चांगले अंगवळणी पडले आहे.

कुलूप लावताना गृहिणी काय काय पाहते? गॅसचा खटका बंद आहे ना, नळ गळत नाही ना, देवापुढचे निरांजन शांत झाले ना, कपाटाच्या किल्ल्या जवळ आहेत ना. माणसे तर दोनदा मोजली जातात. मात्र घरात दुसरे कोणी राहून गेले नाही ना, हे बहुधा पाहिले जात नाही. मांजर मोजणीत नसते. आणि ते शेजाऱ्याचे असेल तर त्याची आठवण होण्याचे कारणही नसते. अशा रीतीने शेजारच्या रिकाम्या घरात मांजर कोंडले जाण्याचे प्रसंग दर सुट्टीत कुठे ना कुठे घडतात. कोणी म्हणेल, एका मांजरासाठी एवढे रामायण कशाला? त्याचे उत्तर पुढील हकीकतीतून वाचकांनीच शोधावे.

जुनी घरे आणि नवी घरे

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पूर्वीच्या घरात मांजर कोंडणे जवळजवळ अशक्यच होते. कौलांच्या फटी, धुराडे, परसाकडचा झरोका, दाराखालची झिजलेली उंबरठ्याची सांद, यांतून त्याची ये-जा अखंड चाले. ज्या फटीतून डोके जाते तीतून मांजराचे सारे अंग जाते, असे जुनी माणसे म्हणत, आणि त्यात तथ्यही आहे. मांजराचे गळपट्टीचे हाड माणसाप्रमाणे खांद्याच्या सांगाड्याला घट्ट जोडलेले नसते, म्हणून त्याला अंग चोरता येते. ज्वारीच्या कणगीपाशी उंदीर असत, म्हणून मांजराला घर हवे होते आणि घरालाही मांजर हवे होते. हा करार फार जुना आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले आढळले आहे.

आता घरे स्लॅबची झाली. खिडक्यांना गज आले, गजांवर डासांची जाळी आली, दारे चौकटीत घट्ट बसू लागली. घर चोरापासून आणि डासांपासून सुरक्षित झाले, हे उत्तमच झाले. परंतु उघड्या दारातून आत शिरलेल्या मांजराला दार लागल्यावर बाहेर पडण्याची वाट उरली नाही. मांजराचा स्वभाव मात्र बदललेला नाही. सामान बांधण्याची गडबड, उघडी कपाटे, पलंगाखालून ओढलेल्या पेट्या, अशी संधी दिसताच ते आत शिरते, कोपऱ्यातील गोधडीवर बसते आणि डोळा लागला की गाढ झोपते. बाहेर रिक्षा येते, कुलूप लागते आणि माणसे स्टेशनकडे निघून जातात.

आमच्या गल्लीतील प्रसंग

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीतील ही गोष्ट. आमच्या घरापासून चौथ्या घरी एक वृद्ध आजी एकट्या राहतात. चिरंजीव हैदराबादेत नोकरीस. घरात आजी आणि त्यांची मनी, एवढाच संसार. आजींच्या भिंतीला भिंत लागून असलेले कुटुंब सोमवारी पहाटे मुलाकडे पुण्यास गेले. त्याच दिवसापासून मनी दिसेना. पहिल्या दिवशी आजींनी ते मनावर घेतले नाही. दुसऱ्या दिवशी दुधाची वाटी तशीच भरलेली राहिली, तेव्हा त्या दारोदार विचारीत फिरल्या. कोणी म्हटले कुत्र्यांनी धरले असेल, कोणी म्हटले मांजरच ते, येईल आपसूक. आजी कोणाशी वाद घालीत नव्हत्या. फक्त संध्याकाळी ओट्यावर बसून हाका मारीत होत्या.

गुरुवारी रात्री दहाच्या सुमारास त्या आमच्या दारी आल्या. म्हणाल्या, “गुरुजी, माझ्या कानांचा भरवसा नाही, पण भिंतीपलीकडून मनी रडते असं वाटतं. तुम्ही येऊन ऐका.” आम्ही भिंतीला कान लावला. बराच वेळ काही नाही. मग अगदी क्षीण, खरवडल्यासारखा आवाज आला, पुन्हा थांबला. शंकेला जागाच उरली नाही.

आता प्रश्न आला कुलुपाचा. तीस वर्षांचा शेजार; पण पुण्याचा दूरध्वनी क्रमांक गल्लीत कोणाजवळच नव्हता. होता तो जुन्या दूरध्वनीचा, आणि ते यंत्र घरातून केव्हाच गेलेले. किल्ली कोणाकडे ठेवलेली नव्हती. एका तरुणाने कुलूप तोडण्याची तयारी दाखविली. ते तोडणे दोन मिनिटांचे काम होते, परंतु मालकाच्या अनुपस्थितीत त्याच्या घराचे दार फोडणे आणि उद्या आतील एखादी वस्तू सापडली नाही तर उत्तर देणे, हे दोन मिनिटांचे काम नव्हते. आजींनाही ते मान्य नव्हते. “माझ्या मांजरापायी त्यांच्या घराचं कुलूप तुटलं, असं नको,” असे त्या म्हणाल्या. आणि म्हणताना त्यांचे हात थरथरत होते.

शुक्रवारी सकाळी तिढा सोडविला तो आमच्या तेलुगू दूधवाल्याने. त्याच्या उधारीच्या वहीत त्या कुटुंबातील सुनेचा मोबाईल क्रमांक लिहिलेला निघाला. फोन लागला. घरमालकांस प्रथम खरे वाटेना, मग वाईट वाटले. किल्ली त्यांच्याबरोबर पुण्यात होती आणि कपाटात लग्नाचे दागिने असल्याने दार फोडण्यास त्यांचे मन होईना. त्यात आम्हांस काही गैर वाटले नाही. त्यांनीच मग उपाय सांगितला. मागल्या अंगास न्हाणीघराच्या झरोक्यात काचेच्या आडव्या पट्ट्या आहेत, त्या खाचेतून सरकवून काढता येतात आणि न्हाणीघराचे आतले दार उघडेच असते.

शिडी आली ती कोपऱ्यावरच्या चाचांकडून. ते स्वतः शिडी धरून उभे राहिले. शिडी धरता धरता त्यांनी हदीसमधील एक कथा सांगितली. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले. तिने त्याला खाऊ घातले नाही आणि स्वतःचे अन्न शोधण्यास मोकळेही सोडले नाही. ते मेले आणि त्या स्त्रीस परलोकी शिक्षा झाली. चाचा म्हणाले, “गुरुजी, उस औरत ने मारा नहीं था. सिर्फ़ बंद रखा था.” आम्ही मराठीचे शिक्षक, पण त्या दिवशी धडा आम्हांस शिडीखाली मिळाला.

चार पट्ट्या काढल्या. आतून एक लांब फळी तिरपी टेकविली. मनी मात्र येईना. घाबरलेले मांजर ओळखीच्या माणसालाही चटकन दर्शन देत नाही. गर्दी पांगविली, दिवे मालविले आणि आजी तेवढ्या झरोक्याखाली खुर्ची टाकून बसल्या. नेहमीच्याच आवाजात, नेहमीच्याच शब्दांत बोलत राहिल्या. मध्यरात्र उलटल्यावर केव्हातरी फळीवर नखे वाजली. न्हाणीघरातील बादलीच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर तिने साडेचार दिवस काढले होते. सकाळी दोन शेजाऱ्यांच्या देखत पट्ट्या पुन्हा बसविल्या आणि पुण्यास तसे कळविले.

शास्त्र काय सांगते

मनी वाचली ती पाण्यामुळे. मांजर मूळचे कोरड्या प्रदेशातील रानमांजराच्या कुळातले. त्याची मूत्रपिंडे पाण्याचा फार काटकसरीने उपयोग करतात. तरी पाण्यावाचून ते थोडेच दिवस तग धरते, आणि आमच्याकडील मे महिन्याच्या उन्हात बंद स्लॅबखाली त्याहूनही कमी. अन्नाची गोष्टही वाटते तितकी सोपी नाही. मांजर काही दिवस सलग उपाशी राहिले तर अंगातील चरबी यकृतात साचून यकृतच निकामी होऊ लागते. लठ्ठ मांजरांस हा धोका अधिक. म्हणून सुटका झाल्यावर प्रथम पाणी द्यावे, अन्न थोडे थोडे, अनेक वेळा द्यावे, आणि ते खाण्यास तोंड लावीत नसेल तर विनाविलंब पशुवैद्यास दाखवावे. वाटीभर दूध पुढे करण्याची आपली रीत प्रेमाची खरी, परंतु पुष्कळशा प्रौढ मांजरांस दूध पचत नाही. उपाशी पोटी तर नाहीच.

१९९९ च्या सप्टेंबरात तैवानमध्ये मोठा भूकंप झाला. त्यात कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यातून सुमारे ८० दिवसांनी एक मांजर जिवंत निघाल्याची नोंद आहे. परंतु असा योग क्वचितच येतो. त्यावर विसंबून स्वस्थ बसणे बरे नव्हे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,२१० हरवलेल्या मांजरांची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा केली होती. त्यांपैकी ३४ टक्के मांजरे पहिल्या सात दिवसांत मालकांना जिवंत सापडली. वर्षभरात सापडलेल्यांचे प्रमाण ६१ टक्के झाले. आणि ९० दिवसांनंतर जिवंत सापडलेली फारच थोडी होती. सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरे हरवल्या जागेपासून ५०० मीटरांच्या आतच होती. जी मांजरे विशेष चौकस स्वभावाची, ती दुसऱ्याच्या घरात सापडण्याचा संभव अधिक, असेही त्यात दिसून आले. तात्पर्य, ‘येईल आपसूक’ म्हणून थांबू नये. पहिल्याच आठवड्यात आणि जवळच शोधावे; ज्या घरांना नुकतेच कुलूप लागले त्यांच्या दारांशी, खिडक्यांशी आणि कोठारांशी रात्रीच्या शांततेत कान लावून शोधावे. कोंडलेले मांजर दिवसा बहुधा गप्प असते. त्याला मोठ्याने ओरडून बोलावू नये. घरच्या माणसाने रोजच्या स्वरात बोलावे.

राका कुंभाराची भट्टी

आपल्या परंपरेत या विषयावरील एक कथा आहे, ती बहुतेकांच्या कानांवरून गेली असेल. अठराव्या शतकातील महिपतींच्या ‘भक्तविजय’ ग्रंथात राका कुंभाराचे आख्यान येते. भाजण्यासाठी रचलेल्या मडक्यांपैकी एका कच्च्या मडक्यात मांजरीने पिले ठेवली होती. राकाला ते ठाऊक नव्हते. त्याने भट्टी पेटविली. मांजरी भोवती फिरून आक्रोश करू लागली तेव्हा त्याच्या ध्यानात आले, परंतु आग विझविण्याची वेळ निघून गेली होती. त्याने विठ्ठलाचा धावा केला, पिले वाचली तर संसारावर पाणी सोडीन असा संकल्प केला. भट्टी निवल्यावर पाहतो तो एक मडके कच्चेच राहिले होते आणि त्यात पिले सुखरूप होती. राकाने आपला शब्द पाळला आणि घरदार सोडले.

कीर्तनात ही कथा विठ्ठलाच्या कृपेसाठी सांगतात, आणि ते योग्यच आहे. आम्हांस मात्र तीत आणखी एक गोष्ट दिसते. मांजरीचे ओरडणे गल्लीतील अनेकांनी ऐकले असेल. त्याचा अर्थ विचारणारा राका एकटा होता. मांजरच ते, असे तो म्हणाला नाही. चमत्कार आपल्या हाती नाही. आवाज ऐकून थांबणे आणि चौकशी करणे मात्र आपल्या हाती आहे. चाचांची कथा आणि महिपतींची कथा, धर्म निराळे, भाषा निराळ्या; पण मुक्या जिवाला कोंडणे या गोष्टीकडे पाहण्याची दृष्टी एकच.

कायद्याची बाजू

कायद्यानेही या बाबतीत काही म्हटले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या ११ व्या कलमान्वये पाळलेल्या प्राण्यास पुरेसे अन्नपाणी न देणे, किंवा भूक-तहानेने त्याचे हाल होतील अशा स्थितीत त्यास वाजवी कारणाशिवाय टाकून देणे, हा अपराध आहे. पहिल्या अपराधास दंड मात्र १० ते ५० रुपये इतकाच. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने सजीव प्राण्यांविषयी दयाभाव बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. चुकून कोंडलेल्या मांजराच्या बाबतीत कोणी अपराधी नसतो. परंतु कळल्यावरही स्वस्थ बसणे शोभत नाही.

दुसऱ्याच्या घरात शिरण्याविषयी लोकांच्या मनात भीती असते, आणि ती असणेच चांगले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, पूर्वीच्या दंडसंहितेप्रमाणेच, अशा प्रवेशाला गुन्हा ठरविताना हेतू पाहिला जातो. तरी आम्ही वकील नव्हे. आमचा सल्ला व्यवहाराचा आहे. प्रथम मालकाशी बोलावे व त्याची संमती दोन माणसांच्या समक्ष घ्यावी. तो सापडत नसेल तर पोलीस ठाण्यास किंवा १०१ क्रमांकावर अग्निशामक दलास कळवावे. दरम्यान जाळीचा कोपरा उचकटून किंवा दाराखालच्या फटीतून पाणी आत पोहोचवावे. उघडण्याचे काम कमीत कमी मोडतोड होईल अशा ठिकाणाहून करावे, आणि झाल्यावर ती जागा पूर्ववत करावी. शेजाऱ्याचा विश्वास राखून जीव वाचविता येतो, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

किल्ली कोणाकडे?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मनी अडकली ती दारामुळे, परंतु साडेचार दिवस अडकून राहिली ती शेजार पातळ झाल्यामुळे. आमच्या लहानपणी गावी जाणारे कुटुंब किल्ली शेजारी देऊन जाई. तुळशीला पाणी घालण्याचे ते निमित्त असे. परमुलखात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना शेजारी हाच सोयरा होता. तो तेलुगू बोलतो की उर्दू, याचा विचार किल्ली देताना होत नसे. आज आपली मुले पुण्यास, हैदराबादेस, परदेशीही आहेत; त्यांचे क्रमांक आपल्या खिशातील यंत्रात आहेत, पण भिंतीपलीकडे नाहीत. दूधवाल्याची वही नसती तर?

आणि हा प्रश्न मांजरापाशीच थांबत नाही. आपल्या जुन्या वस्त्यांतून आजींसारखी एकटी राहणारी वडीलधारी माणसे आता घरोघर आहेत. ती दाराला आतून कडी लावून झोपतात. मनीची वाटी दुसऱ्या दिवशी भरलेली दिसली, म्हणून आजींना शंका आली. आजींच्या दाराशी दुधाची पिशवी दोन दिवस तशीच पडून राहिली असती, तर ती कोणी पाहिली असती? आणि पाहिली असती तरी हैदराबादेत कळविले कसे असते? त्या दिवाळीनंतर आमच्या गल्लीत एक साधी वही केली. प्रत्येक घराचे दोन क्रमांक, बाहेरगावच्या नातेवाइकाचा एक, आणि जादा किल्ली कोणाकडे आहे त्याची नोंद. वही दूधवाल्याकडेच ठेवावी असे एकमताने ठरले. पुण्याहून परतलेल्या कुटुंबाने आपली दुसरी किल्ली आजींकडे दिली आहे.

शाळेतही आम्ही एक नियम पाळतो. उन्हाळी सुट्टीपूर्वी वर्गांना कुलपे लावण्याआधी शिपायासह प्रत्येक वर्गात जाऊन, बाकांखाली व कपाटांमागे पाहून, टाळी वाजवून मगच दार लावायचे. कधी चिमणी निघते, कधी कुत्र्याचे पिल्लू. घरोघरी हेच करण्यास पाच मिनिटे पुरतात. निघण्याच्या आदल्या रात्रीपासून कोठीची व कपाटांची दारे लावून घ्यावी. निघताना प्रत्येक खोलीत हाक मारावी. शेजारी मांजर पाळलेले असेल तर ते घरी आहे ना, एवढे विचारून घ्यावे. एखादी बादली पाण्याने भरून ठेवावी. आणि दुसरी किल्ली व आपला क्रमांक, भिंतीपलीकडच्या माणसाच्या हाती देऊन मगच स्टेशनकडे निघावे. येत्या सुट्टीत वाचकांनी एवढे अवश्य करून पाहावे.